ले माँची पहिली वारी: तिकिटापासून सोमवार सकाळपर्यंत

फ्रान्समधली ले माँची २४ तासांची मोटारशर्यत बघायला जायचं ठरलं की बहुतेक जण सगळ्यांत आधी विमानाचे दर बघतात. मी क्रम उलटा ठेवला: आधी शर्यतीचं तिकीट, मग झोपायची जागा, मग व्हिसा आणि विमानाचे पैसे अगदी शेवटी. विमानं रोज उडतात, शर्यत मात्र वर्षातून एकदाच, जूनच्या मध्यावर असते. आणि त्या आठवड्यात जेमतेम दीड लाख वस्तीच्या या गावात दुपटीहून जास्त माणसं उतरतात. २०२५ मध्ये प्रेक्षकांचा आकडा ३,३२,००० होता. जागा संपते ती इथे, विमानात नाही.

तिकीटविक्री आयोजक क्लब, म्हणजे एसीओ, स्वतःच्या साइटवर करतो आणि ती आदल्या वर्षीच सुरू होते. त्यामुळे जूनच्या शर्यतीचा विचार दिवाळीच्या सुमारास पक्का झालेला बरा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या: प्रवेश, स्टँडमधली सीट, कॅम्पिंगची जागा आणि पार्किंग ही चार वेगवेगळी खरेदी आहे. प्रवेशाचं साधं तिकीट घेतलं म्हणजे तंबू ठोकायचा हक्क मिळत नाही आणि कॅम्पिंगची जागा घेतली म्हणजे गेटमधून आत सोडत नाहीत. साध्या प्रवेशात ट्रॅकभोवतीची बरीचशी टेकाडं आणि उतार फिरता येतात. पहिल्या वेळेला मला तेवढंच पुरेसं वाटतं. स्टँडची सीट सुरुवातीच्या आणि शेवटच्या तासाला कामाला येते, मधले वीस-बावीस तास ती बहुतेक रिकामीच राहते. तेच पैसे ट्रॅकला लागून असलेल्या कॅम्पिंगवर घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे. तिकिटं संपली असतील तर फक्त क्लबच्या अधिकृत पुनर्विक्रीतूनच घ्या. समाजमाध्यमांवर ओळखदेख नसलेल्या माणसाकडून घेतलेलं ई-तिकीट आधीच दुसऱ्या कोणाला विकलेलं असू शकतं आणि ते कळतं थेट गेटवर.

झोपायच्या जागेबाबत तीन पर्याय पुढे येतात. गावातली हॉटेलं फार आधी भरतात आणि दर कित्येक पटींनी चढतात. अँजे किंवा तूर या जवळच्या शहरांत राहून रेल्वेने ये-जा करता येते, पण रात्रीची शेवटची गाडी गाठायची म्हणजे या शर्यतीतला सगळ्यांत मोलाचा भाग सोडून द्यायचा. पॅरिसला राहून एका दिवसात जाऊन यायचा बेत याच कारणाने मी बाद केला. राहिलं कॅम्पिंग. मेझाँ ब्लांश, उ, बोसेजूर, तेर्त्र रूज अशी ट्रॅकभोवती बरीच मैदानं आहेत. नकाशावर बघताना फक्त मुख्य स्टँडपासूनचं अंतर बघू नका. ट्रामचा थांबा, पाण्याचे नळ आणि आपल्याला आवडणारं वळण या तिन्हींपासून किती चालावं लागेल ते मोजा, कारण रात्री अडीच वाजता तेच अंतर दुप्पट वाटतं. तंबू घेऊन जायचा तर दोन माणसांचा अडीच-तीन किलोंचा तंबू तेवीस किलोंच्या सामानात बसतो. स्वयंपाकाच्या गॅसचा डबा मात्र विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही, तो तिथेच घ्यावा लागतो. हे नको असेल तर उभारून ठेवलेले तंबू भाड्याने देणारे खाजगी आयोजक आहेत. महाग पडतात, पण लांबून येणाऱ्याची पाठ वाचते.

आता व्हिसा. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतो आणि तो फ्रान्सचाच काढायचा तर मुक्कामाचे सर्वांत जास्त दिवस फ्रान्समध्ये असले पाहिजेत. शर्यतीनंतर इटलीत जास्त दिवस काढणार असाल तर अर्ज इटलीकडे जातो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे जूनच्या मध्यासाठी डिसेंबरच्या मध्यापासून. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण कागद अडले तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. एप्रिल-मेमध्ये सुट्टीवाल्यांची इतकी झुंबड असते की अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये हे उरकून टाकावं. फी ९० युरो, शिवाय अर्ज केंद्राचा आकार वेगळा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि पूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा लागतो.

अर्जात गोंधळ होतो तो राहण्याच्या पुराव्यात. मुक्कामाची एकही रात्र कागदावर मोकळी राहू देऊ नका. कॅम्पिंगची पावती कधी एकाच माणसाच्या नावावर असते आणि बरोबरचे दोघं-तिघं कागदोपत्री बेघर ठरतात. उपाय सोपा आहे: पावती ज्याच्या नावावर आहे त्याचं सहीचं पत्र, सगळ्यांची नावं आणि पासपोर्ट क्रमांक, आणि सोबत शर्यतीच्या तिकिटांच्या प्रती. कव्हर लेटरमध्ये तारीखवार एक तक्ता द्यावा: कुठल्या रात्री कुठे आणि कोणत्या पावतीवर. बँक स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आठवड्यात अचानक आलेली मोठी रक्कम शंका वाढवते, पैसे आधीपासून खात्यात दिसलेले बरे. विमानाचं आरक्षण जोडायचं, पण ते रद्द करता येण्यासारखं ठेवायचं. व्हिसा हातात आल्यावर पक्कं करा.

पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावरून ले माँला थेट टीजीव्ही, म्हणजे वेगवान रेल्वेगाड्या आहेत, पण मोजक्याच. ती जमली नाही तर आरईआर बी या उपनगरी गाडीने देंफेर-रोशरो, तिथून मेट्रो ४ किंवा ६ ने माँपार्नास रेल्वे स्टेशन आणि मग साधारण तासाभरात ले माँ. सामानासकट विमानतळ ते माँपार्नास दीड तास धरा आणि विमान उतरण्याची वेळ व गाडीची वेळ यांत किमान चार तास ठेवा. स्वस्त टीजीव्ही तिकीट बदलताना भुर्दंड बसतो. ले माँ स्टेशनच्या बाहेरून टी१ ट्राम आंतारेसकडे जाते. शेवटच्या थांब्यावर उतरलं की ट्रॅक चालण्याच्या अंतरावर आहे. गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही, आणि पहिल्या युरोपीय शर्यतीसाठी मी जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगऐवजी ले माँ सुचवतो त्याचं हे एक मोठं कारण.

बुधवारी पोहोचता आलं तर सोनं. बुधवार आणि गुरुवारी रात्री दहानंतर सराव असतो, गर्दी शनिवारच्या मानाने विरळ असते आणि लांबची वळणं शांतपणे पालथी घालता येतात. शुक्रवारी शर्यतीच्या गाड्या ट्रॅकवर धावत नाहीत. गावात ड्रायव्हरांची मिरवणूक निघते, ती फुकट बघता येते. पण शुक्रवारची खरी किंमत झोपेत आहे. त्या दुपारी झोपून घेतलेला माणूस रविवारी सकाळी डोळे उघडे ठेवू शकतो.

ट्रॅक १३.६२६ किलोमीटरचा आहे. शनिवारी दुपारी चारला शर्यत सुटते, सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सहाच्या सुमारास उगवतो. हे तीन आकडे समोर ठेवून मी तासांचं वेळापत्रक आखलं. सुरुवात डनलॉप वळणाच्या टेकाडावरून, पण त्यासाठी दोनच्या आत जागा धरावी लागते. पहिले दोन तास बघून जेवण आणि तासभर डुलकी. साडेआठ-नऊच्या आत आर्नाज वळणाकडे जाणारी बस. ट्रॅकच्या त्या टोकाला चालत जाणं शहाणपणाचं नाही, प्रेक्षकांसाठीच्या बस असतात आणि अंधार पडायच्या सुमारास रांगा वाढतात. मध्यरात्रीनंतर परत, एक ते पाच झोप, आणि उजाडताना तेर्त्र रूजचं वळण. शेवटचे दोन तास मुख्य सरळ पट्ट्याजवळ.

आर्नाजसाठी एवढा आग्रह का, तर इथे गाड्या अगदी जवळून आणि सावकाश दिसतात. ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने आलेली गाडी आधी इंडियानापोलिस नावाच्या वळणाला ब्रेक मारते आणि लगेच आर्नाजच्या काटकोनी उजव्या वळणात येते. ट्रॅकवरचं हे सगळ्यांत हळू वळण. रात्री हायपरकारच्या, म्हणजे सगळ्यांत वेगवान वर्गातल्या गाड्यांच्या, चाकांच्या आऱ्यांमागे कार्बनच्या डिस्क नारिंगी झालेल्या दिसतात आणि ब्रेक सोडताच दोन-तीन सेकंदांत विझतात. मग मागची बाजू किंचित बसते, ड्रायव्हर हळूहळू पॉवर वाढवतो आणि डांबरावर पडलेले रबराचे तुकडे जाळीकडे उडतात. टीव्हीवर यातलं निम्मंही पोहोचत नाही.

शर्यत समजण्यासाठी डोळे पुरत नाहीत. एका जागी उभं राहिलं तर हायपरकार साधारण साडेतीन मिनिटांनी परत येते, जीटी३ गाडी (रस्त्यावरच्या स्पोर्ट्सकारवरून बनवलेली) चारेक मिनिटांनी. बासष्ट गाड्या, तीन वर्ग, तासाभरात क्रमाचा पत्ता लागत नाही. लाखो फोन एकदम चालू असल्याने मोबाइल नेटवर्क ऐन वेळी गुदमरतं. म्हणून खिशातला छोटा एफएम रेडिओ आणि वायरचे इअरफोन घ्या. ९१.२ वर रेडिओ ले माँचं इंग्रजी समालोचन चोवीस तास चालतं. पडद्यावरचा क्रम वाचताना लक्षात ठेवा की हायपरकार एका टाकीत बाराएक फेऱ्या, म्हणजे पाऊण तासाच्या आत-बाहेर पळते. कोण नुकताच पिटमध्ये, म्हणजे इंधन-टायरसाठी थांबायच्या जागी, जाऊन आला आणि कोणाचं इंधन संपत आलं हे कळल्याशिवाय पहिला-दुसरा क्रमांक फसवा असतो. धोका असताना सगळ्यांना आपल्या मागे सावकाश चालवणारी सेफ्टी कार बाहेर आली की जेवण, शौचालय आणि बसची रांग उरकून घ्या.

कानांची काळजी हौसेचा भाग समजू नका. फेरारीचं तीन लिटर टर्बो व्ही६ इंजिन तुलनेने सौम्य आहे. कॅडिलॅकचा साडेपाच लिटर व्ही८ आणि ॲस्टन मार्टिन वाल्किरीचा साडेसहा लिटर व्ही१२ जाळीजवळ उभ्या माणसाच्या छातीत वाजतात. फोमचा प्लग बोटांत पातळ वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत घालायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. नुसता टेकवून ठेवलेला प्लग काही अडवत नाही. रेडिओ ऐकायचा असेल तर आत इअरफोन आणि वरून मोठे इअरमफ, ही जोडी उत्तम. लहान मुलांना इअरमफशिवाय नेऊच नये.

जून आहे म्हणून फक्त टी-शर्ट भरू नका. दिवसा ऊन चटका देतं आणि रात्री तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतं. पाऊस आला तर मैदानाचा चिखल होतो. २०२४ मध्ये रात्रीच्या पावसामुळे सेफ्टी कार चार तासांहून जास्त बाहेर होती. पाणी न शिरणारे बूट, खरा रेनकोट (छत्री मागच्याची दृष्टी अडवते), दहा अंशांत उबेल अशी स्लीपिंग बॅग, डोक्याला बांधायचा दिवा आणि जास्तीचे मोजे एवढं पक्कं. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायची, १०० वॅट-तासांच्या आतली. २०,००० एमएएचची ७४ वॅट-तासांची असते, ती बिनधास्त चालते. काचेच्या बाटल्या आणू नका. शाकाहारी असाल तर ट्रॅकवर तळलेले बटाटे आणि क्रेप यांवर भागतं, पण गावातल्या सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, फळं आणि पाणी शुक्रवारीच भरून ठेवणं शहाणपणाचं.

रविवारी दुपारच्या गाडीचं किंवा रात्रीच्या विमानाचं आरक्षण करू नका, भाडं कितीही कमी दिसलं तरी. २०१६ मध्ये पुढे असलेली टोयोटा जेमतेम तीन मिनिटं उरली असताना मंदावली आणि पोर्शे जिंकली. २०२४ मध्ये २४ तासांनंतर पहिल्या दोन गाड्यांत १४ सेकंदांचं अंतर होतं. चारला झेंडा पडला की प्रेक्षकांना ट्रॅकवर सोडतात आणि पोडियमखाली माणसांचा समुद्र होतो. तिथून बाहेर पडून ट्रामपर्यंत यायलाच खूप वेळ जातो आणि संध्याकाळच्या पॅरिसच्या गाड्या खचाखच असतात. म्हणून रविवारची रात्रही कॅम्पिंगमध्येच धरावी, आपल्या जागेची मुदत सोमवारपर्यंत आहे ना ते बुकिंग करतानाच तपासावं. सोमवारी सकाळी तंबू वाळवून गुंडाळायचा, दहानंतरची टीजीव्ही पकडायची आणि विमान सोमवारी रात्रीचं किंवा मंगळवारचं ठेवायचं.