मोरीचे पाणी

मोरी, न्यू साउथ वेल्स. रात्रीचे साडेनऊ.

आज दुपारी मोरीला पोहोचलो. इथली माणसे नावातल्या ‘री’वर जोर देतात; मराठी कानाला मात्र घरातली मोरीच आठवते, आणि हे गाव गाजले तेही पाण्यावरूनच. ही गंमत बसमध्ये कोणाला समजावून सांगणे काही जमले नाही. बसमधले बावीस जण विशी-पंचविशीतले आहेत. निम्मे सिडनीतील ज्यू घरांतले, निम्मे वेगवेगळ्या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या, समाजांतले. १९६५ची ‘फ्रीडम राइड’ ज्या रस्त्याने गेली त्याच रस्त्याने ते निघाले आहेत, आणि माझ्याकडे मोठ्या गाडीचा परवाना असल्यामुळे चालक मी.

१२ फेब्रुवारी १९६५ रोजी सिडनी विद्यापीठाचे सुमारे तीस विद्यार्थी चार्ल्स पर्किन्स यांच्या नेतृत्वाखाली, अ‍ॅबोरिजिनल लोकांना मिळणारी भेदभावाची वागणूक उघड करायला, बसने निघाले. अमेरिकेतील वर्णभेदाविरुद्धच्या १९६१च्या बसप्रवासांवरून त्यांना ही कल्पना सुचली होती. पर्किन्स अरेंटे या अ‍ॅबोरिजिनल समाजाचे. संघटनेच्या कामात त्यांच्यासोबत असलेले जिम स्पिगेलमन पोलंडमध्ये जन्मलेले, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहारातून वाचलेल्या आईवडिलांचे चिरंजीव, तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे. पुढे हेच स्पिगेलमन या राज्याचे सरन्यायाधीश झाले.

गावाच्या पोहण्याच्या तलावावर आम्ही बराच वेळ थांबलो. इथले पाणी जमिनीच्या पोटातून गरमच वर येते. हात बुडवला की आधी चटका बसतो, मग बरे वाटते, आणि बोटांना खनिजांचा वास राहतो. ज्यांच्या भूमीखालून ते येते, त्या कमिलारॉय लोकांना नगरपालिकेने १९५५ साली ठराव करून तलावाची बंदी केली होती. त्यांच्या मुलांना शाळेच्या तासाला, वर्गाबरोबर तेवढे पोहता येई. शाळा सुटली की त्यांनी बाहेर पडायचे. विद्यार्थ्यांनी वस्तीवरच्या मुलांना बसमधून आणून आत नेले. बंदी पुन्हा लागू झाल्यावर २० फेब्रुवारीला ते परत आले, तेव्हा फाटकापाशी शेकडोंचा जमाव होता, अंडी आणि टोमॅटो फेकले जात होते, तरीही ठराव मागे घेण्याचे कबूल होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

मला महाड आठवणे अपरिहार्य होते, पण आठवला तो फरक. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४ साली केला होता आणि तो गावाने पाळला नव्हता, म्हणून १९२७चा सत्याग्रह झाला. इथे ठरावच बंदीचा होता आणि तो गावाने मनापासून पाळला.

संध्याकाळी एका ज्यू मुलीने विल्यम कूपर यांच्याविषयी सांगितले. योर्टा योर्टा या अ‍ॅबोरिजिनल समाजातील हे वयोवृद्ध गृहस्थ ६ डिसेंबर १९३८ रोजी, जर्मनीत ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांचा निषेध नोंदवायला, आपल्या माणसांसह मेलबर्नच्या जर्मन वकिलातीवर चालत गेले. तिथे त्यांचे निवेदन स्वीकारलेही गेले नाही. तिच्या शेजारी बसलेला कमिलारॉय मुलगा म्हणाला, “म्हणजे उधारी तुमच्याकडेच होती.” दोघेही हसले. मला ते हसणे भाषणांपेक्षा खरे वाटले.

माझे मन मात्र त्या वेळच्या बसचालकाकडेच जाते. वॉलगेट गावात माजी सैनिकांच्या क्लबपुढे निदर्शने झाल्यावर रात्री एका ट्रकने धडक देऊन बस रस्त्याखाली उतरवली, आणि पुढे वाटेतच त्या चालकाने काम सोडले. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. पण विद्यार्थी स्वेच्छेने आले होते, तो रोजीसाठी आला होता. काल त्याच रस्त्यावर एक मालट्रक बराच वेळ आमच्या मागे राहिला, तेव्हा स्टिअरिंगवरचे माझे हात घट्ट झाले होते. तो सरळ पुढे निघून गेला, त्याच्या चालकाने हातही केला.

सकाळी सहाला निघायचे आहे. मागच्या डाव्या चाकात हवा कमी वाटते. झोपण्यापूर्वी एकदा पाहून येतो.