विहिरीवरच्या इंजिनापासून ड्यूकपर्यंत: आमची वाटचाल

वडिलांनी नाना पेठेत इंजिनांचे सिलिंडर आतून कातायचं, म्हणजे बोअरिंगचं मशीन टाकलं तेव्हा मोटरसायकली क्वचितच यायच्या. शिरूर, दौंड, पुरंदरहून टेम्पोत टाकून यायची ती पाण्याची डिझेल इंजिनं, त्यातली बरीचशी किर्लोस्करची. टीव्ही-१ हे त्यातलं नावाजलेलं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८७.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ११० मिमी आणि मिनिटाला फेरे फक्त १५००. पिस्टनचा सरासरी वेग काढायचा तर स्ट्रोकची दुप्पट करून फेऱ्यांनी गुणायचं; इथे तो सेकंदाला साडेपाच मीटर येतो. म्हणून ते रात्रभर पाणी ओढून सकाळी पुन्हा तयार! (अभियांत्रिकी कॉलेजांच्या प्रयोगशाळांतही हेच इंजिन दिसतं.)

पुढे विजेचे पंप वाढले, तशी डिझेलची कामं कमी झाली आणि बुलेट आल्या. मी गल्ल्यावरून मशीनवर आलो तो याच काळात.

बुलेटवाल्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं: "काका, लाँग स्ट्रोक आहे, म्हणून टॉर्क आहे." टॉर्क म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ताकद. हे वाक्य अर्धंच खरं. बुलेटच्याच घरातल्या जुन्या क्लासिक ३५० चा बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मिमी. ३४६ सीसीतून २८ न्यूटन-मीटर, तेही ४००० फेऱ्यांना. आता चाकणला बनलेली केटीएमची आधीच्या पिढीची ड्यूक ३९० घ्या. बोअर ८९, स्ट्रोक जेमतेम ६०, ३७३ सीसी, आणि टॉर्क ३५ च्या घरात. म्हणजे आखूड स्ट्रोकवालीचाच जास्त! स्ट्रोक वाढवला की क्रँकची (पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या दांड्याची) तरफ लांबते हे खरं, पण तेवढ्याच सीसीत पिस्टनचं डोकं लहान होतं आणि हिशेब फिटतो. फरक पडतो तो टॉर्क कुठे मिळतो यात. ड्यूकचा सात हजारांच्या आसपास. अरुंद बोअरमध्ये व्हॉल्व्ह लहान बसतात, कमी फेऱ्यांतही हवा वेगाने आत शिरते आणि सिलिंडर नीट भरतो. फेरे वाढले की तेच व्हॉल्व्ह अपुरे पडतात. बुलेट चढावर बंद पडत नाही, त्यात जड फ्लायव्हीलचाही (फिरण्याचा जोर टिकवणाऱ्या चाकाचाही) मोठा वाटा आहे. तो टॉर्क नव्हे.

ड्यूक ९००० फेऱ्यांना पिस्टन १८ मीटरने पळवते. बुलेटचा ९० चा स्ट्रोक तिथवर नेला तर २७ होईल. एवढ्या वेगात रेसिंगच्या इंजिनांचाही दम निघतो. आमच्याकडे येणाऱ्या तुटलेल्या कनेक्टिंग रॉडमागे बहुतेक वेळा हीच हौस असते.

मायलेजचं गणित वेगळं. अरुंद बोअरमध्ये ज्योत कडेपर्यंत लवकर पोचते, ज्वलनकक्ष आटोपशीर राहतो आणि उष्णता भिंतींत कमी मुरते. इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिड इंजिनाचा बोअर ८०.५ आणि स्ट्रोक ९७.६ मिमी आहे, तो उगाच नाही. उलट बाजू एवढीच, की फेरे वाढले की लांब स्ट्रोकचं घर्षण इंधन खातं.

रिबोअरिंगने (झिजलेला सिलिंडर पुन्हा कातून) पॉवर वाढते, हा आणखी एक लाडका गैरसमज. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात. बुलेटचा बोअर पूर्ण एक मिमी वाढवला तरी पडतात फक्त दहा सीसी. गाडी पळायला लागते ती गेलेलं कॉम्प्रेशन परत आल्यामुळे.

भोसरीला आलो तेव्हा जागा वाढली, पण पारंपरिक बोअरिंग घटत चाललं होतं. ड्यूकच्या सिलिंडरला आतून निकासिलचा (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा) कठीण थर असतो; त्यावर आम्ही बोअरिंग बार चालवत नाही. थर गेला असेल तर सिलिंडर बदला किंवा बाहेरून पुन्हा कोटिंग करून आणा, मग डायमंड होनिंग (हिऱ्याच्या दगडांनी आतून शेवटची घासाई) इथे करून देऊ. बिडाच्या ब्लॉकचं काम पूर्वीसारखंच चालू आहे. फक्त नवा पिस्टन ब्लॉकसोबतच आणा. तो मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय आम्ही शेवटचा हात मारत नाही, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.