सॅन फ्रान्सिस्को किती लांब?

पुण्याच्या माणसाला विचारा, मुंबई किती लांब? तो दीडशे किलोमीटर म्हणणार नाही. "तीन तास, घाटात अडकलो नाही तर," असं म्हणेल. आणि तेच खरं अंतर.

विमानाचं नाव निघालं की मात्र आपण भाबडे होतो. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को साधारण 12,400 किलोमीटर, हा आकडा लगेच सापडतो. पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून धरला तर येणारं हे अंतर. विमान त्या दोऱ्यावरून जाईलच असं नाही.

एक तर वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहते, हिवाळ्यात तर फारच जोरात. फेब्रुवारी 2020 मध्ये 'कियारा' वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं. एरवी याला सहा-सात तास लागतात. उलट दिशेने जाणाऱ्यांनी तेव्हा काय भोगलं असेल, ते कोणी विचारत नाही.

दुसरं म्हणजे राजकारण. 2022 मध्ये रशियाचं आकाश युरोपच्या विमान कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियोचा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. काही विमानं उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. शहरं जागची हलली नव्हती, तरी एकमेकांपासून लांब गेली.

पण माझा सगळ्यात लाडका किस्सा दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचाच. एअर इंडियाचं थेट विमान आधी अटलांटिकवरून जायचं, वारा तोंडावर घेत. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पॅसिफिकवरून जाऊ लागलं. वाट सुमारे 1,400 किलोमीटरने वाढली आणि वेळ मात्र दोनेक तासांनी घटला, कारण वारा आता पाठीशी होता. परतताना ते अटलांटिकवरून यायचं, म्हणजे तेव्हाही पूर्वेकडेच, वारा पुन्हा पाठीशी. जाऊन-येऊन पृथ्वीची पूर्ण फेरी.

आमच्या ओळखीच्या एक मावशी त्याच सुमारास लेकीच्या बाळंतपणाला कॅलिफोर्नियात गेल्या होत्या. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि कस्टमवाल्याला काय सांगायचं याची चिठ्ठी. गणपतीने आईबापांभोवती फेरी मारून पृथ्वीप्रदक्षिणेचं पुण्य मिळवलं. इथे आईच लेकीपायी अख्खी पृथ्वी फिरून आली, तीही मोराशिवाय, इकॉनॉमीच्या मधल्या सीटवर. मी हे मावशींना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असेल बाबा," त्या म्हणाल्या, "पण पाय सुजले ते जाताना आणि येताना सारखेच."