अमेरिकेतली अकरावी: कॉलेजची फाईल जूनमध्येच तयार होते

दहावी-बारावीच्या बोर्डांवर वाढलेल्या आईबाबांच्या डोक्यात शेवटचं वर्ष हेच खरं वर्ष असतं. अकरावी जरा श्वास घ्यायला आणि बारावी झटून अभ्यास करायला, हा हिशेब आपल्या अंगात मुरलेला आहे. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये तो उलटा बसतो. इथे पहिले अर्ज बारावीच्या १ नोव्हेंबरला जातात. त्या दिवशी कॉलेजसमोर नववी, दहावी आणि अकरावीच्या ग्रेड असतात. बारावीच्या विषयांची नावं दिसतात, पण वर्षाच्या ग्रेड अजून यायच्याच असतात. म्हणजे ज्युनियर इयर, अर्थात अकरावी, हे कॉलेजला पूर्ण दिसणारं शेवटचं वर्ष. आर्थिक मदतीचा हिशेबसुद्धा ज्या उत्पन्नावर होतो ते वर्ष अकरावीच्या मध्यावर संपतं, आणि हे बहुतेक घरांत कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

सुरुवात ट्रान्सक्रिप्टपासून, म्हणजे सगळ्या वर्षांच्या विषयांच्या आणि ग्रेडच्या नोंदीपासून, करा. अनऑफिशियल प्रत शाळेच्या पोर्टलवर मिळते, नाहीतर काउन्सेलरला ईमेल करून मागवा. शेजारी तुमच्या राज्याची आणि शाळेची ग्रॅज्युएशनची यादी ठेवा आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ जुळवा. न्यू जर्सीत किमान १२० क्रेडिट लागतात. वर्षभराच्या विषयाला ५ आणि सहामाही विषयाला २.५ धरलेली असतात. इंग्रजीची २०, गणित, विज्ञान आणि सोशल स्टडीज प्रत्येकी १५, परभाषेची ५, कलाविषयाची ५, करिअर विषयांची ५ आणि फायनान्शियल लिटरसीची २.५. पीई (शारीरिक शिक्षण) आणि हेल्थ दरवर्षी. आपल्या मुलांचं गणित-विज्ञान सहसा भरून वाहत असतं. अडतं ते कलाविषयाच्या पाचांत आणि फायनान्शियल लिटरसीच्या अडीचांत. एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, विषयांनी वेळापत्रक भरलं की हे दोन मागे सरकतात आणि मग बारावीत एखादी एपी सोडून तिथे ते कोंबावे लागतात. अकरावीतच लक्षात आलं तर ते अनेकदा उन्हाळ्यात ऑनलाइन उरकता येतात. मात्र बाहेरचा कोर्स घेण्याआधी शाळेची लेखी परवानगी घ्या. नंतर घेतलेली परवानगी चालतेच असं नाही.

भारतातून आठवी-नववी करून आलेल्या मुलांचं ट्रान्सक्रिप्ट दुप्पट बारकाईने बघा. तिकडच्या विषयांना किती क्रेडिट दिले, ग्रेड जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरल्या की नुसतं पास लिहिलं, बीजगणित-भूमिती वेगळी मोजली की एकच, हे विचारा. दुरुस्ती अकरावीत एका भेटीत होऊ शकते. बारावीच्या ऑक्टोबरमध्ये काउन्सेलरच्या टेबलावर शेकडो अर्ज असतात.

राज्यागणिक वेगळ्या अटी आहेत. न्यू जर्सीत ग्रॅज्युएशनसाठीची एनजेजीपीए ही परीक्षा अकरावीच्या मार्चमध्ये होते. ती हुकली तर एसएटीसारख्या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षांचे गुण किंवा पोर्टफोलिओ असे दुसरे मार्ग आहेत. मेरीलँडमध्ये ७५ तासांची समाजसेवा भरल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये एमकॅस ही राज्याची परीक्षा पास होण्याची अट नोव्हेंबर २०२४च्या मतदानात गेली. टेक्सास आणि इलिनॉयमध्ये फॅफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म) भरणं किंवा तो भरणार नसल्याचा अर्ज देणं हीच ग्रॅज्युएशनची अट आहे. कॅलिफोर्नियात शाळेचा डिप्लोमा आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूसीला ए ते जी अशी अक्षरं दिलेल्या विषयगटांतले वर्षभराचे १५ विषय लागतात, त्यांतले ११ बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, आणि प्रत्येकात किमान सी हवा. डी मिळाला तर शाळा पास करते, पण यूसी तो विषय धरत नाही. शिवाय यूसीचा जीपीए दहावी-अकरावीच्या विषयांवरच काढतात, म्हणजे तिथे अकरावीचं वजन जवळपास निम्मं.

बारावीचे विषय निवडायचा फॉर्म शाळेप्रमाणे जानेवारी ते मार्चमध्ये येतो. मुलं तो जेवणाच्या सुट्टीत मित्रांना विचारून भरतात. हा फॉर्म घरी बसून भरायचा आहे. इंग्रजी, गणित, विज्ञान, सोशल स्टडीज आणि परभाषा हे पाच खांब बारावीतही शक्यतो उभे राहू द्या. स्पॅनिश दोन वर्षं झाली, आता सोडते, असं मुलगी म्हणाली तर थांबवा. दोन वर्षं ही बऱ्याच ठिकाणी किमान अट असते. निवडक कॉलेजं तीन-चार वर्षं बघतात. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर कॅल्क्युलस आणि फिजिक्स ट्रान्सक्रिप्टवर हवंच. एपी किती घ्यायच्या याला आकडा नाही. कॉलेज प्रत्येक मुलाकडे त्याच्या शाळेच्या प्रोफाइलच्या उजेडात बघतं, म्हणजे शाळेत किती एपी होत्या आणि त्यांतल्या किती घेतल्या. सहा एपी घेऊन तीन बी आणि दोन सी आणण्यापेक्षा चार नीट केलेल्या बऱ्या, असं माझं ठाम मत आहे. रोज रात्री एकपर्यंत जागणारं मूल तिसऱ्या क्वार्टरला ढेपाळतं, आणि नेमका तोच काळ शिक्षक त्याच्याबद्दल मत बनवत असतात. एपी परीक्षा मेमध्ये असली तरी तिची नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी लागते, हेही कॅलेंडरवर टाका.

मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट विचारण्यासारखी आहे. काही स्कूल डिस्ट्रिक्ट मान्य परीक्षेवर मातृभाषेला परभाषेचं क्रेडिट देतात, आणि बऱ्याच राज्यांत डिप्लोम्यावर सील ऑफ बायलिटरसी, म्हणजे दोन भाषा येत असल्याचा शिक्का, मिळतो. मराठीची कुठली परीक्षा चालेल, हे काउन्सेलरला अकरावीच्या सुरुवातीलाच विचारा, कारण परीक्षेची सोय व्हायलाच काही महिने जातात.

एसएटीबद्दल थोडक्यात, कारण तिच्यावर गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. परीक्षा आता पूर्ण डिजिटल आहे: २ तास १४ मिनिटं, ९८ प्रश्न. रीडिंग-रायटिंगचे ५४ आणि गणिताचे ४४. प्रत्येक भागाचे दोन मॉड्यूल असतात आणि पहिलं कसं गेलं त्यावर दुसरं सोपं की अवघड ते ठरतं. त्यामुळे पहिल्या मॉड्यूलमधल्या घिसाडघाईच्या चुका महागात पडतात. ब्लूबुक ॲपमधल्या सराव परीक्षा फुकट आहेत, त्या आधी करा, क्लासचे पैसे मग भरा. ऑक्टोबरची पीएसएटी, म्हणजे एसएटीची पूर्वपरीक्षा, अकरावीत दिली तरच नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी धरली जाते, आणि त्या हिशेबात रीडिंग-रायटिंगचे गुण दुप्पट मोजतात. गणितात पूर्ण गुण आणून वाचनात ढिली पडणारी आपली मुलं तिथेच मागे राहतात. खरी एसएटी मार्चमध्ये एकदा, लागली तर मे किंवा जूनमध्ये दुसऱ्यांदा, आणि ऑगस्ट राखीव. एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन, कॅलटेक, ऑस्टिनची युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास यांनी एसएटी किंवा तशीच एसीटी परीक्षा पुन्हा सक्तीची केली आहे. यूसी मात्र गुण बघतच नाही.

शिफारसपत्रं मेमध्येच मागायची, तीही अकरावीत शिकवलेल्या शिक्षकांकडे. एक गणित-विज्ञानाचे, एक भाषा किंवा इतिहासाचे. चांगले शिक्षक ठरावीक संख्येच्या पलीकडे पत्रं घेत नाहीत. मुलाने स्वतः जाऊन विचारावं. आईबाबांच्या ईमेलने ते काम होत नाही, उलट बिघडतं. सोबत एक पान द्यावं: वर्गात कुठला प्रोजेक्ट केला, कुठे अडलो, मग काय केलं. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, पत्र बघण्याचा हक्क सोडायचा की नाही असं विचारतात. तो सोडावा. न सोडलेल्या पत्रावर कॉलेजचा विश्वास कमी बसतो.

आता ॲक्टिव्हिटीजची यादी. इथे आपल्या घरांतली मुलं सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात. कॉमन ॲपमध्ये १० जागा असतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला अवघी १५० अक्षरं, मधली मोकळी जागा धरून. ढोल-ताशा पथकात चार वर्षं असलेला मुलगा लिहितो, ‘महाराष्ट्र मंडळाचा सदस्य, गणेशोत्सवात भाग घेतला.’ वाचणाऱ्याला यातून काहीच दिसत नाही. त्याच मुलाने काय काय केलं होतं ते विचारा. नव्या मुलांना ताल शिकवले, दर रविवारी सरावाला गाड्यांची व्यवस्था लावली, मिरवणुकीसाठी टाउनशिपची परवानगी काढली, ढोल सैल पडले की दोऱ्या आवळल्या. मग ओळ अशी होते: ‘नव्या १२ मुलांना ताल शिकवले, मिरवणुकीची टाउनशिप परवानगी काढली, रविवार सरावाचं नियोजन, वाद्यांची देखभाल.’ क्रियापद पुढे, आकडा खरा, विशेषणं शून्य. अर्जात हे इंग्रजीत जाईल, पण विचार हाच. आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडेही विचारतात, म्हणून अकरावीपासून एका शीटमध्ये नोंद ठेवा, आठवून लिहिलेले तास फुगतात. आजीची काळजी घेणं, धाकट्या भावाला शाळेतून आणणं हीसुद्धा ॲक्टिव्हिटी आहे. ती लाजून गाळू नका.

आता पैसे. फॅफ्सा बारावीच्या १ ऑक्टोबरच्या सुमारास उघडतो, पण त्यात उत्पन्न दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नचं जातं. २०२७च्या फॉलमध्ये कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी ते २०२५ सालचं, म्हणजे दहावीच्या जानेवारीपासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचं. त्या वर्षात पुण्यातला फ्लॅट विकला, तर त्याचा कॅपिटल गेन इथल्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दिसतो, आणि उरलेली रक्कम फॉर्म भरायच्या दिवशी बँकेत असेल तर मालमत्ता म्हणूनही दिसते. एकाच व्यवहाराचा दोनदा फटका. विक्री पुढेमागे करता येण्यासारखी असेल तर सीएला हे आधी सांगा. नसेल तर कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला ते उत्पन्न एकदाच आलेलं आहे असं कागदपत्रांसह कळवता येतं. राहतं घर आणि निवृत्तीसाठीचं ४०१ के खातं फॅफ्सात धरत नाहीत. भाड्याने दिलेला ठाण्यातला फ्लॅट आणि भारतातल्या मुदतठेवी धरतात, आणि त्या लपवणं हा गुन्हा आहे. सीएसएस प्रोफाइल हा मदतीचा वेगळा फॉर्म मागणारी खाजगी कॉलेजं याहून खोलात जातात.

व्हिसाचा प्रश्न आपल्याकडे घराघरात आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. फॅफ्साची पात्रता मुलाच्या स्टेटसवर ठरते. आईबाबा एच-१बीवर असले तरी इथे जन्मलेला, नागरिक असलेला मुलगा पात्र असतो. ग्रीन कार्ड असलेलाही. एच-४वरचा, म्हणजे एच-१बीवरच्या पालकांच्या आधारावर आलेला, मुलगा फेडरल मदतीला पात्र नसतो, आणि बरीच खाजगी कॉलेजं मदतीच्या बाबतीत त्याला आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांत धरतात. इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांसाठीची कमी फी) मिळेल का, ते राज्याप्रमाणे बदलतं, म्हणून यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एच-४वरच्या मुलाने पगारी इंटर्नशिप किंवा दुकानातली नोकरी करू नये, त्याने स्टेटस धोक्यात येतं.

यादी बनवताना नावाआधी आकडा बघा. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. अर्ली डिसिजन (एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज) बांधून घालतं, मिळालं की जायचंच, दुसरीकडच्या मदतीशी तुलना करता येत नाही. त्यामुळे आकडा पेलणारा नसेल तर त्या वाटेला जाऊ नये, मुलाचं मन कितीही बसलेलं असो. ज्या विद्यापीठांत कॉम्प्युटर सायन्सला थेट प्रवेश असतो, तिथे दुसऱ्या विषयातून शिरून मग बदलू ही युक्ती सहसा फसते. सेफ्टी म्हणजे जिथे प्रवेश नक्की, पैसे परवडतात आणि मुलाला जायला आवडेल असं कॉलेज. या तिन्ही गोष्टी असतील तरच ती सेफ्टी. न्यू जर्सीत अकरावी किंवा बारावीअखेर वर्गातल्या वरच्या १५ टक्क्यांत असलेल्यांना एनजे स्टार्समधून काउंटी कॉलेजची ट्यूशन फी मिळते, तिथून दोन वर्षांनी रटगर्स विद्यापीठात जाता येतं. मंडळाच्या जेवणात कोणी हे अभिमानाने सांगत नाही, पण कर्ज टाळण्याचा हा पक्का रस्ता आहे. टेक्सासमध्येही वर्गातल्या क्रमांकावर सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश आहे. ऑस्टिनसाठी ती मर्यादा फॉल २०२६पासून वरच्या ५ टक्क्यांवर आली.

जून संपला की निबंध. कॉमन ॲपचा २५० ते ६५० शब्दांचा, यूसीचे आठांतले चार, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. पहिला खर्डा जुलैअखेर व्हावा. शाळा सुरू झाल्यावर तो होत नाही. कॉमन ॲप दरवर्षी १ ऑगस्टला नव्याने उघडतं, पण खातं अकरावीतच काढता येतं आणि भरलेली बरीचशी माहिती पुढे टिकते. खातं काढताना शाळेचा ईमेल देऊ नका. ग्रॅज्युएशननंतर तो बंद झाला की कॉलेजची पत्रं तिथेच अडकतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, मधलं वडिलांचं नाव असेल तर सगळीकडे असू द्या किंवा सगळीकडे गाळा. एसएटीवर एक आणि अर्जावर दुसरं असलं की गुण अर्जाला जोडलेच जात नाहीत.