जपानमध्ये शिकवायला निघालात? आधी घराचा हिशेब बघा

नागानो प्रांतातल्या एका छोट्या गावात मी प्राथमिक शाळांमध्ये इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून काम करते. शाळा सरकारी, पण माझी नोकरी मात्र शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या एका खासगी कंपनीची. निघताना कंपनीने छातीठोकपणे सांगितलं होतं, "दीड लाख येन जवळ ठेवा, आरामात भागेल." हे साफ चुकीचं आहे. पुण्यात जपानी शिकून इकडे येणाऱ्यांची संख्या बरीच आहे, म्हणून मुख्यतः या पैशांबद्दल लिहितेय. जुजबी जपानी येतं, प्रकृती ठणठणीत आहे आणि थंडीचे कपडे घेतलेत, हे धरून चालते.

प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. नारिता विमानतळावर रहिवासी कार्ड हातात मिळतं, टोकियोहून शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) साधारण दीड तासात नागानो येतं, आणि राहायची जागा ठरली की १४ दिवसांच्या आत पालिकेत पत्ता नोंदवायचा.

खरी परीक्षा घराची. एजंटने टेबलावर एक कागद सरकवला. खोलीचं भाडं महिना ४५,००० येन, आणि खाली रकमांची ही रांग. पहिल्या महिन्याचं भाडं ४५,०००. अनामत ४५,०००. 'रेइकिन' ४५,०००, म्हणजे घरमालकाला द्यायची भेट, ती कधीच परत मिळत नाही. दलाली करासकट ४९,५००. भाड्याची हमी घेणाऱ्या कंपनीचे २२,५००. आगीचा विमा १८,०००. कुलूप बदलायचे १६,५००. जंतुनाशक फवारणी १६,५००. 'चोवीस तास मदतसेवा' आणखी १६,५००. एकूण २,७४,५०० येन. सहा महिन्यांच्या भाड्याहून जास्त रक्कम, आणि तीही किल्ली मिळायच्या आधी.

यातलं सगळं द्यावं लागत नाही, हे कुणीही आपणहून सांगणार नाही. फवारणी आणि मदतसेवा बहुतेक वेळा ऐच्छिक असतात. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, "कोरे वा हिस्सु देस का?" (हे सक्तीचं आहे का?) माझ्या एजंटने त्या दोन ओळींवर मान खाली घालून रेघ मारली. दलालीचंही तेच. नियमाप्रमाणे एजंट भाडेकरूकडून अर्ध्या महिन्याचं भाडं आणि त्यावरचा कर एवढंच घेऊ शकतो. पूर्ण महिन्याचं हवं असेल तर तुमची आधी संमती लागते. ती देऊ नका. तुम्ही काही बोलला नाहीत तर संमती आहे असंच धरलं जातं. एवढ्या दोन गोष्टींनी माझे ५७,७५० येन वाचले. रेइकिन मात्र एक येननेही हललं नाही. मला आजही ही पद्धत अन्यायाची वाटते.

नेमणूक टोकियो, ओसाका किंवा नागोयाच्या आसपास असेल तर सरळ 'यूआर' या सरकारी गृहसंस्थेची भाड्याची घरं बघा. तिथे रेइकिन नाही, दलाली नाही, हमीदार लागत नाही, करार नूतनीकरणाचेही पैसे नाहीत. दोन महिन्यांची अनामत भरायची आणि साधारण भाड्याच्या चौपट उत्पन्न दाखवायचं. खेड्यात मात्र यूआर मिळणं कठीण.

घर मिळालं तरी आत काही नसतं. पहिल्या संध्याकाळी मी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, कारण छताला दिवाच नव्हता, नुसतं सॉकेट होतं. गॅसची शेगडीही आपणच आणायची. जुन्या वस्तूंच्या दुकानात दोन्ही स्वस्त मिळतात. एप्रिलचा पगार मे महिन्याच्या शेवटी येतो, तोवर खायचं-प्यायचं आपल्याच खिशातून. माझं मत स्पष्ट आहे: पाच लाख येन जवळ नसतील तर येऊ नका.

करारात आठवड्याचे तास नीट वाचा. पूर्वी २९.५ तासांचा करार करून कंपन्या स्वतःच्या आरोग्य विम्यात आणि पेन्शनमध्ये घेणं टाळायच्या; ऑक्टोबर २०२४पासून ५०हून जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीला आठवड्याला २० तासांपासूनच घ्यावं लागतं. कंपनी लहान असेल आणि तिने घेतलं नाही, तर राष्ट्रीय पेन्शनचा हप्ता तुमच्यावर येतो, २०२५-२६ साली महिना १७,५१० येन. आयटीतले मित्र म्हणतील, "आपल्याला नाही भरावं लागत." त्यांचं बरोबर आहे, पण ते भारतातल्या कंपनीने पाठवलेले लोक. २०१६पासून लागू असलेल्या भारत-जपान कराराची ती सवलत इथेच नोकरीला लागलेल्यांना मिळत नाही. दुसरा दणका दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये बसतो. रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो, म्हणून पहिलं वर्ष हलकं जातं आणि मग हातात येणारा पगार एकदम उतरतो. आधीपासून बाजूला टाकत राहा.

"गाडी लागणार नाही," हेही मला सांगितलेलं. माझ्या दोन शाळा डोंगराच्या दोन बाजूंना आहेत आणि लोकल दिवसातून मोजक्याच. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढाच. तो इथे जास्तीत जास्त वर्षभर चालतो. त्यानंतर आपला परवाना बदलून घ्यायचा, आणि भारतीयांना त्यासाठी लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा आहेत. ऑक्टोबर २०२५पासून लेखी परीक्षा दहाऐवजी पन्नास प्रश्नांची झाली, त्यातले ४५ बरोबर यावे लागतात. वर्ष संपायची वाट बघू नका. बर्फाच्या टायरांचे पैसेही गाडीच्या किमतीतच धरा.

शाळेबद्दल तक्रार नाही. २०२०पासून पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय झालाय आणि मुलं मनापासून शिकतात. शाळेच्या इमारतीत घालायचे वेगळे बूट भारतातूनच आणा, मोठ्या मापाचे इथे सहज मिळत नाहीत.

शाकाहारी असाल तर शाळेच्या जेवणाचं पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपमध्येसुद्धा बहुधा माशाचा अर्क असतो, भाजीवर माशाचा कीस पडलेला असतो. उपमुख्याध्यापकांना भेटून घरचा डबा आणायची परवानगी मागा. मला लगेच मिळाली. जेवणाचे पैसे महिन्याच्या हिशेबाने कापतात, तेव्हा नाव कमी झालं ना, हे कार्यालयात जाऊन स्वतः बघा. डाळी, कणीक आणि हिंग टोकियोच्या निशिकासाईतल्या भारतीय दुकानांत मिळतात. तिकडे जाणं झालं की महिन्याभराचं सामान एकदमच घेऊन या.