पार्टिशन ६३ व्या सेक्टरवर सुरू होत होतं

चिपळूणच्या एका पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा त्यांचा जुना टॉवर सर्व्हर वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला, पण सगळ्यांनी धसका घेतला आणि मग ठरलं की नवीन मशीन घ्यायचं, त्यावर ईएसएक्सआय (एकाच मशीनवर अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचं आणि अकाउंटिंगचा जुना सर्व्हर जसाच्या तसा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, करून आत घ्यायचा. शेजारी एक फाइल सर्व्हर, एक हजेरीचा छोटा व्हीएम. चार नव्या डिस्क, रेड-५ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशी जोडणी).

झालं उलटंच, नव्या मशीनवर काम आणखी हळू झालं. कॅशियर ताई म्हणाल्या, "दादा, आधीचा जुना बरा होता हो, आता डे-एंड लावलं की आठ वाजतात." डे-एंड म्हणजे दिवसाचा हिशोब बंद करायचं काम. आणि नुसतं अकाउंटिंग नाही, त्याच वेळेत हजेरीचा व्हीएम पण अडकायचा, ज्याचा अकाउंटिंगशी काही संबंध नाही. सीपीयू निवांत, रॅम भरपूर, डिस्कची लेटन्सी (उत्तर द्यायला लागणारा वेळ) मात्र चढलेली. अँटिव्हायरस बघितला, रेड कंट्रोलरची बॅटरी बघितली, मोठी फाइल कॉपी करून बघितली तर ती झरझर जाते! तिथेच माझे दोन दिवस गेले.

शेवटी जुन्या सर्व्हरच्या व्हीएममध्ये एमएसइन्फो३२ (विंडोजचं मशीनची माहिती दाखवणारं टूल) उघडलं आणि डिस्कच्या पानावर पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट, म्हणजे डिस्कचा वापरायचा भाग सुरुवातीपासून किती बाइटवर चालू होतो ते, बघितलं, तर ३२,२५६ बाइट. म्हणजे ६३ सेक्टर (डिस्क वाचते-लिहिते तो सगळ्यात छोटा तुकडा) गुणिले ५१२ बाइट.

हा ६३ आला कुठून, तर जुन्या काळी डिस्कच्या एका ट्रॅकला (ताटलीवरची एक गोल रांग) ६३ सेक्टर धरायचे, पहिला ट्रॅक एमबीआरसाठी (बूटची आणि पार्टिशनची माहिती) सोडायचा आणि पार्टिशन पुढच्या ट्रॅकपासून चालू करायचं. तेव्हा सेक्टर ५१२ बाइटचा होता म्हणून कुठूनही सुरू केलं तरी फरक पडत नव्हता. आता डिस्क आतून ४०९६ बाइटचे सेक्टर वापरते, वरून फक्त ५१२ चे दाखवते. ३२,२५६ भागिले ४०९६ केलं की ७.८७५ येतात, पूर्ण आकडा येत नाही, आणि सगळं दुखणं त्या अपूर्णांकात आहे.

आंब्याच्या पेटीवरून सांगतो. समजा पेटी म्हणजे ४०९६ चा सेक्टर आणि आंबा म्हणजे ५१२ चा, म्हणजे एका पेटीत ८ आंबे बसतात आणि गिऱ्हाईक पण ८ च मागतं. पहिल्या पेटीपासून मोजलं तर एक पेटी उचलून दिली की झालं. पण मोजणी पेटीतल्या शेवटच्या आंब्यापासून सुरू केली, तर प्रत्येक गिऱ्हाइकाला एक आंबा या पेटीतला आणि सात पुढच्या पेटीतले द्यावे लागतात, दोन पेट्या उघडायच्या. वाचताना एवढंच. लिहिताना जास्त वाईट, कारण अर्धीच पेटी बदलायची असते, म्हणून डिस्क आधी अख्खा सेक्टर वाचते, त्यात बदल करते, आणि ताटली फिरून परत तिथे आली की लिहिते. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरा म्हणजे साधारण ८.३ मिलिसेकंद. डेटाबेसचं पान ८ केबीचं असेल तर दोनाऐवजी तीन सेक्टरला हात लागतो, त्यातले दोन अर्धवट. मोठी फाइल सलग जाते, तिचं फक्त पहिलं आणि शेवटचं टोक अर्धवट राहतं, म्हणून कॉपी करून बघितलं की सगळं छान वाटतं. डे-एंडचं काम म्हणजे हजारो छोट्या नोंदी इकडेतिकडे लिहायच्या, तिथे हे टोचतं. त्यात रेड-५, एका छोट्या राइटला तसेही चार आयओ (डिस्कवरचं वाचणं-लिहिणं) लागतात.

आणि व्हर्च्युअलमध्ये हे एकट्याचं राहत नाही हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खालचा डेटास्टोअर (सगळ्या व्हीएमच्या डिस्क राहतात ती जागा) १ एमबीवर नीट सुरू होत होता, हजेरीचा व्हीएम पण नीट, पण त्याच चार डिस्कवर शेजारचा अकाउंटिंगचा व्हीएम दुप्पट काम काढत होता म्हणून रांगेत सगळेच अडकले.

मी आधी शंका का घेतली नाही, तर मशीनवर विंडोज सर्व्हर २००८ होतं, आणि २००८ स्वतः पार्टिशन करतं तेव्हा १ एमबीपासून, म्हणजे २०४८ व्या सेक्टरपासून करतं. पण हे मशीन मूळ विंडोज सर्व्हर २००३ चं, त्यावर अपग्रेड केलेलं, आणि अपग्रेडमध्ये पार्टिशन जागचं हलत नाही, फिजिकलवरून व्हर्च्युअल करताना पण नाही हललं. म्हणून व्हर्जन बघून समजूत करून घेऊ नका, ऑफसेट बघा.

दुरुस्तीला रविवार धरला. पावसाचे दिवस, लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि पार्टिशन सरकताना मशीन बंद पडलं तर डेटा गेलाच, म्हणून यूपीएस असून जनरेटर पण आणून ठेवला. बॅकअप घेतला, तो दुसरीकडे रिस्टोअर करून उघडतो का बघितला. व्हीएमचे जुने स्नॅपशॉट (मधल्या वेळची जपून ठेवलेली स्थिती) सगळे डिलीट केले, नाहीतर सरकवताना प्रत्येक ब्लॉक नव्याने लिहिला जातो आणि स्नॅपशॉटनंतरचे बदल साठवणारी डेल्टा फाइल डिस्कएवढी फुगते. डेटाची डिस्क सोपी, नवी व्हर्च्युअल डिस्क जोडली, डिस्कपार्टमध्ये (विंडोजचं पार्टिशनचं टूल) अलाइन १०२४, म्हणजे १०२४ केबी, देऊन पार्टिशन केलं आणि डेटा कॉपी केला. सी ड्राइव्ह जीपार्टेडच्या (पार्टिशन हलवायचं टूल) सीडीवरून बूट करून सरकवला, अलाइन टू एमआयबी निवडून. नंतर विंडोज उठलं नाही, कारण बूटची नोंद जुना ऑफसेट धरून असते, ती सीडीवरून परत बसवली. ते होईपर्यंत जीव टांगणीला होता, खोटं कशाला सांगू.

सोमवारी ताईंनी साडेसहाला कुलूप लावलं. हजेरीच्या व्हीएमला मी हातही लावला नव्हता, तोही मोकळा झाला.

लिनक्सचे जुने व्हीएम असतील तर एफडिस्कच्या (लिनक्सचं पार्टिशनचं टूल) यादीत स्टार्टचा कॉलम बघा, ६३ दिसला तर हेच. जुन्या टेम्प्लेटवरून क्लोन करत असाल तर आधी टेम्प्लेट तपासा, नाहीतर प्रत्येक क्लोन तसाच निघेल. झेडएफएस (एक फाइल सिस्टम) वापरणाऱ्यांनी पूल, म्हणजे डिस्कचा साठा, करतानाच अॅशिफ्ट (सेक्टरच्या आकाराची सेटिंग) १२ द्या, २ चा १२ वा घात म्हणजे ४०९६, आणि डिस्कचा गट एकदा बनवला की हा आकडा नंतर बदलता येत नाही.