कोपराला बँडेज, तरी हातात पार्सल

"लागलंय केवढं! घरी का नाही बसलास?"

"बसलो तर या आठवड्याचा बोनस जातो, ताई."

अ‍ॅपवरून पार्सल पोचवणारा पोरगा. परवा पावसात गाडी घसरली म्हणाला. बँडेजवर चिखलाचे शिंतोडे तसेच होते. पाणी प्यायला आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

रविवारच होता. आपल्याला ही सुट्टी मिळाली ती गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे. १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा भरली, साडेपाच हजार जणांच्या सह्यांचा अर्ज गेला. मागण्या काय, तर रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार! पुढे १८९० च्या सभेत तर दोन कामगार बायकाही बोलल्या. त्या काळात! त्याच वर्षी जूनमध्ये सुट्टी मंजूर झाली.

सुट्टीचं सगळ्यांना ठाऊक असतं, जखमीच्या पगाराची मागणी कुणाला आठवत नाही. मला तीच जास्त मोठी वाटते.

गिरणीवाले निदान पाळीला, चाळीत एकमेकांना भेटायचे, म्हणून सह्या तरी गोळा झाल्या. अ‍ॅपवर राबणाऱ्या या पोरांनी एकत्र यायचं कुठे?